शिलावर्ताचा नववा खंड

मी मुद्दाम चुकीचं वाचलं.

“तारकेशीनं पांढऱ्याशुभ्र घोड्यावर मांड टाकली आणि घाटाची वाट धरली.” एवढं मोठ्यानं वाचून मी पुस्तकावरून यांच्याकडं पाहिलं.

हे आरामखुर्चीत बसले होते. उजवा हात कुणीतरी आणून ठेवल्यासारखा मांडीवर पडलेला, खांद्यावर पंचा. नजर खिडकीतून अंगणातल्या कढीपत्त्यावर.

तारकेशी जन्मात कधी घोड्यावर बसली नव्हती. ती खेचरावरून फिरायची. पहिल्या खंडापासून तेच एक खेचर, धोंडू नावाचं. वाचकांची पत्रं यायची त्यांत तारकेशीच्या आधी धोंडूची खुशाली विचारलेली असायची.

“घोड्यावर,” मी पुन्हा म्हटलं. “पांढऱ्याशुभ्र.”

कढीपत्त्यावर एक चिमणी बसली. हे तिच्याकडं बघत राहिले. मी पान उलटलं.

त्र्यं. रा. उपळेकर हे नाव आता कुणाला आठवत नसेल. एके काळी गावोगावच्या वाचनालयांत ‘शिलावर्त’चा नवा खंड आला की नाव नोंदवून वाट बघावी लागायची. माझे यजमान मिरजेत हायस्कुलात भूगोल शिकवायचे आणि सकाळी शाळेच्या आधी नसलेल्या देशाची गोष्ट लिहायचे. त्या देशात वर्षातून एकदा नदी उलटी वाहते. तिथली दोन भावंडं, तारकेशी आणि शार्दूल, लहानपणी लढाईच्या धांदलीत एकमेकांपासून तुटतात, आणि बहीण भावाला शोधायला निघते. आठ खंड ती चालत होती. आठव्याच्या शेवटी ती एका नगराच्या वेशीपाशी येते. तिचा भाऊ आता तिथला राजा आहे. बाहेर कोण आलंय हे त्याला माहीत नाही. तटावर तिरंदाज उभे आहेत. तारकेशी दरवाज्यावर हात ठेवते, आणि तिथं आठवा खंड संपतो.

नववा आणि शेवटचा खंड हे उन्हाळ्याच्या सुट्टीत लिहायला घेणार होते. दौत धुऊन ठेवली होती. त्या सकाळी अंघोळ करून आले आणि पाटावर बसता बसता कलंडले. उजवी बाजू गेली, वाचा गेली. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा चार-दोन शब्द परत आले होते. हां, नाही, पाणी आणि हॅट. हॅट हा त्यांचा जुनाच शब्द, तो एवढ्यातूनही कसा वाचला कोण जाणे.

दार उघडतं की नाही, हे जगात फक्त त्यांनाच ठाऊक होतं. टिपण ठेवायची सवय नव्हती. शेवट तोंडातून बाहेर पडला की लिहायची भूक मरते, असं म्हणायचे. मलासुद्धा सांगितला नव्हता.

मी मात्र रोज लिहिलेलं रोज ऐकायची. म्हणजे वाचायची मीच. संध्याकाळी दिवा लावला की सकाळची पानं मी मोठ्यानं वाचायची आणि यांनी डोळे मिटून ऐकायचं. झोप लागली की काय अशी शंका आली की मी मुद्दाम एक चूक करायची. राजाचं नाव बदलायची, नाहीतर डोंगर पूर्वेचा पश्चिमेला न्यायची. लगेच खुर्चीतून यायचं, “हॅट! द्वारके, तुझा डोंगर चालायला लागला की काय?” आमच्या संसारात लाडाचं म्हणून जे काही होतं ते एवढंच. म्हणून घोडा. डॉक्टरांची औषधं चालू होती, तसं हे माझं.

पावसाळा संपता संपता बापूसाहेब मगदूम कोल्हापूरहून आले. ते यांचे प्रकाशक. अंगानं भरभक्कम, बोलणं खणखणीत, आणि त्या दिवशी तर हे बहिरे झालेत असं समजून आणखी मोठ्यानं बोलत होते.

“काय सर! ओळखलं का?”

“हां,” हे म्हणाले.

“बघा वहिनी! ओळखलं!”

हां ते दूधवाल्यालाही म्हणायचे.

चहा घ्यायला म्हणून बापूसाहेब स्वयंपाकघरात आले आणि पाटावर बसून आवाज खाली आणला. “वहिनी, वाचनालयवाले भंडावून सोडतात. आजारी आहेत, आजारी आहेत म्हणून किती सांगू? लोकांनी आठ खंड वाचले ते नवव्यासाठी. सर कधीतरी काही बोलले असतीलच की. बसता-उठता.”

“नाही बोलले.”

“एवढंसंही नाही? दार उघडतं का नाही, एवढंच सांगा. बाकीचं बघू आपण.”

“मी विचारलं होतं. नववा खंड आला की वाच, म्हणाले.”

बापूसाहेब हसले आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले. मग कपाकडं बघत म्हणाले, “मग दुसऱ्या कुणाकडून तरी लिहून घ्यावं लागेल. सांगलीचे प्राध्यापक निटवे तयार आहेत.”

“ते सात राजेवाले?”

“आता पाच केलेत त्यांनी.”

निटव्यांना मी ओळखत होते. रविवारी आमच्याकडं नवे लेखक सल्ला विचारायला यायचे, त्यांतलेच ते एक. यांच्यासमोर ताठ बसून म्हणाले होते, “सर, माझ्या कादंबरीत सात राजे आहेत.”

“वा. मीठ कुठून येतं?”

“कुणाचं मीठ?”

“त्या सातही जणांच्या आमटीतलं.”

निटवे माझ्याकडं बघायला लागले. मी पोहे पुढं केले.

“राजे मागाहून आणा,” हे म्हणाले. “आधी मीठ आणा. ते कुठल्या गावातून निघतं, कुठल्या वाटेनं येतं, वाटेत कोण अडवतं ते ठरवा. मग राजे आपोआप येतात, त्यांना बोलवावं लागत नाही. आणि लढाई लिहायची असेल तर आदल्या दिवशी सैन्य काय जेवलं ते लिहा.”

“पण सर, तुमचे गुरू कोण? तुम्ही कुणाला वाचून हे शिकलात?”

“जकात नाका,” हे म्हणाले. निटव्यांना ती थट्टा वाटली आणि ते रागावून गेले. पण ती थट्टा नव्हती. यांचे वडील गावाच्या नाक्यावर कारकून होते आणि यांचं सगळं लहानपण तिथल्या बाकावर गेलं. कोकणातून मिठाच्या गाड्या यायच्या, कर्नाटकातून मिरच्यांच्या, कुठून कुठून घोंगड्या आणि भांडी यायची. गाडीवान पावतीसाठी थांबले की हा मुलगा त्यांना विचारत बसायचा, तुमच्याकडं नदी आहे का, कोणत्या बाजूला वाहते, तिच्यात काय राहतं. शाळेत जे भूगोल म्हणून शिकवलं ते त्यानंतरचं, असं हे म्हणायचे.

“दिवाळीपर्यंत थांबा,” मी बापूसाहेबांना म्हटलं. “मी त्यांना पहिल्यापासून सगळे खंड वाचून दाखवतेय. आपलंच लिहिलेलं ऐकून कुठंतरी काहीतरी हलेल.”

“हलेल का?”

“हललंच पाहिजे.”

आणि हललं. दुसरा खंड वाचताना पाणी प्यायला उठले, तर मागून आवाज आला. “पुढं?”

मी तांब्या तसाच ठेवून परत येऊन बसले. त्या दिवशी घसा बसेपर्यंत वाचलं. तिसऱ्या खंडात खिंडीचा प्रसंग आला. बाहेर भाजीवाली ओरडत होती. मी मन घट्ट केलं आणि वाचलं, “तारकेशी घोड्यावरून खाली उतरली.”

“हॅट!”

मी मान वर केली. यांनी डाव्या हातानं खुर्चीचा दांडा धरला होता. तोंड वाकडं झालं, मानेच्या शिरा फुगल्या, आणि शब्द आला. “खेचर.” मग अजून एक. “धोंडू!”

मी पायात चपला न घालता डॉक्टर बिडव्यांच्या घरी गेले. ते दोन गल्ल्या पलीकडं राहायचे. संध्याकाळी ते आले, यांच्यासमोर स्टूल ओढून बसले. मी मागं उभी होते. मला वाटत होतं, आज शिरा करायला पाहिजे.

“काय उपळेकर, छान वाटतंय ना? खेचराचं नाव काय म्हणालात?”

“धोंडू.”

“शाबास. आणि तारकेशी कुणाला शोधते?”

“भाऊ.”

“वा! हे पुस्तक कुणी लिहिलंय?”

यांनी पुस्तक मांडीवर घेतलं. कव्हरावरच्या अक्षरांवरून बोट फिरवलं, पण अक्षरं लागत नव्हती. मग कौतुकानं मान हलवून म्हणाले, “मोठा… माणूस.”

“तुमच्या ओळखीचा?”

हे लाजल्यासारखे हसले. नाही, अशी मान हलवली. आपल्यासारख्याची कुठली एवढी ओळख, असं.

डॉक्टरांनी माझ्याकडं बोट केलं. “आणि या कोण?”

“बाई,” हे म्हणाले. “वाचतात.”

तोपर्यंत मला वाटत होतं की माझं नाव त्यांच्या जिभेवर येत नाही. तसं नव्हतं.

डॉक्टरांनी मोरीवर हात धुतले. मी टॉवेल दिला. “ऐकलेलं धरून ठेवतायत,” ते म्हणाले. “हे चांगलं लक्षण आहे.”

“आणि आधीचं?”

त्यांनी एकेक बोट पुसलं. टॉवेलची घडी घातली. “वाचत राहा तुम्ही,” म्हणाले.

मी वाचत राहिले. एक सांगते, ‘शिलावर्त’ला यांच्यासारखा वाचक मिळाला नाही. लिहिताना या माणसानं आपल्या पुस्तकाचा आनंद कधी घेतला नव्हता. लिहिण्याच्या दिवसांत पोट बिघडायचं, चिडचिड व्हायची, लिहून झालेलं पान म्हणजे फसलेलं पान असा चेहरा असायचा. आता तेच पान ऐकताना डोळे मोठे व्हायचे. नदी उलटी वाहायला लागली तेव्हा यांनी माझा हात घट्ट धरला. सहाव्या खंडात भैरू नावाडी पुरात जातो, तिथं हुंदके देऊन रडले आणि त्या दिवशी मला पुढं वाचू दिलं नाही. धोंडूनं सेनापतीचा फेटा खाल्ला तेव्हा एवढे हसले की शेजारच्या काकू डोकावून गेल्या. “बरे झाले वाटतं!” म्हणाल्या. मी हो म्हटलं.

दिवाळीच्या तोंडावर आठवा खंड संपला. “तारकेशीनं दरवाज्यावर हात ठेवला. लाकूड ऊन होतं.” मी पुस्तक मिटलं.

“पुढं?”

“संपलं.”

“हॅट. पुढं!”

मी पुस्तक त्यांच्या हातात दिलं. यांनी डाव्या हातानं उरलेली पानं उलटली. प्रकाशकाच्या इतर पुस्तकांच्या जाहिराती, मग एक कोरं पान, मग पुठ्ठा. पुठ्ठ्यावर नखानं खरवडून बघितलं. मग माझ्याकडं असं बघितलं, जणू पुढचा खंड मी पदराखाली लपवलाय.

दुसऱ्या दिवसापासून मी शेवट सांगायला लागले. दुसरं काय करणार? एक दिवस सांगितलं, शार्दूल तटावरून बहिणीला ओळखतो आणि धावत खाली येतो. “हॅट.” एक दिवस सांगितलं, तिरंदाज बाण सोडतात, तारकेशी दाराशीच पडते आणि मग तिच्या हातातलं कडं भावाला दिसतं. “हॅट.” एकदा म्हटलं, ती दार न वाजवताच मागं फिरते. यावर ते जरा थांबले, पण मग मान हलवलीच. कुठं काय चुकतंय ते मला सांगता येत नव्हतं आणि त्यांनाही येत नव्हतं, पण चुकतंय हे आम्हा दोघांनाही दिसत होतं.

एकदा मी फार विचार करून सांगितलं. “तारकेशीनं दार वाजवलं. मोठं दार उघडलं नाही. त्यातलं लहान दार उघडलं. आत नाक्याचा कारकून बसला होता. त्यानं मान वर न करता विचारलं, काय आणलंय?”

हे खुर्चीत पुढं सरकले. ओठ हलायला लागले.

“ती म्हणाली, काही नाही. एक नाव आणलंय. कारकून म्हणाला, कुणाचं नाव?”

“पुढं?”

“पुढं तिनं भावाचं लहानपणीचं नाव सांगितलं. कारकुनानं पावती फाडली, तिच्या हातात दिली, आणि ती आत गेली.”

यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं. मग हळूच म्हणाले, “नाही.” या वेळी हॅट म्हणाले नाहीत. माझी कीव आल्यासारखं म्हणाले.

भाऊबीज झाल्यावर बापूसाहेब निटव्यांचं लिखाण घेऊन आले. मीच वाचायला बसले. पहिल्याच पानावर पाचही राजे वेशीपाशी हजर झाले होते आणि हत्ती दरवाज्याला धडका देत होते.

“हॅट,” हे म्हणाले.

मी दुसरं पान वाचलं.

“हॅट!” आणि यांनी खांद्यावरचा पंचा काढून तोंडावर ओढून घेतला.

“त्यांना काय कळतंय आता, वहिनी,” बापूसाहेब पुटपुटले.

“तेवढंच कळतंय,” मी म्हटलं.

बापूसाहेबांनी कागद गोळा केले, पिशवीत घातले आणि चहा न घेता उठले. दारात थांबून म्हणाले, “छापत नाही मी.” त्यांनी शब्द पाळला. नववा खंड तेव्हाही आला नाही आणि आता बापूसाहेबही नाहीत, हेही नाहीत. मी ऐंशी ओलांडली आहे. कुणी म्हातारा वाचक अजून कधी भेटला तर विचारतो, आणि मी मला माहीत नाही म्हणून सांगते. त्याचा विश्वास बसत नाही.

बापूसाहेब त्या दिवशी कोल्हापूरला परतले, त्यानंतर यांनी जेवण टाकलं. सकाळी उठले की भिंतीला धरून धरून फाटकापाशी जाऊन उभे राहायचे. पोस्टमन दिसला की त्याला विचारायचे, “पुढं?” पेपरवाल्याला विचारायचे. रस्त्यानं शाळेत जाणाऱ्या मुलींना विचारलं तेव्हा त्या घाबरून पळाल्या. मी आत आणलं की खुर्चीत बसून माझ्यावर डोळे रोखायचे. मऊभात समोर केला की हातानं बाजूला करायचे. डॉक्टर म्हणाले, असं चाललं तर अन्न सुईनं घालावं लागेल, आणि तेही किती दिवस.

त्या सकाळी मी लापशी केली होती. वाटी घेऊन त्यांच्यासमोर बसले. यांनी वाटी ढकलली. ती लवंडली, माझ्या लुगड्यावर सांडली.

“बाई,” हे म्हणाले. डोळ्यांत पाणी होतं. “पुढं? पुढं?”

मी लापशी पुसली नाही. “ऐका,” मी म्हटलं. “ज्यांनी ही गोष्ट लिहिली ना, ते गेले.”

ते माझ्याकडं बघत राहिले. “गेले?”

“हो.”

“कधी?”

“उन्हाळ्यात. पुढचं लिहायला बसणार, तेवढ्यात.”

“शेवट?”

“कुणाला सांगितला नव्हता. बरोबर घेऊन गेले.”

हे मागं टेकले. माझ्यावर रोखलेले डोळे निवले. म्हणाले, “अरेरे.” सकाळी पेपरात कुणा ओळखीच्या माणसाची बातमी वाचली की म्हणायचे, अगदी तसंच. मग काहीतरी आठवल्यासारखं पुढं वाकले. शब्द शोधायला लागले. डाव्या हाताचं बोट कपाळाला लावलं, तिथं गोल फिरवलं. मला कळेना. पुन्हा तसंच केलं आणि म्हणाले, “मंडळी?”

“त्यांची बायको?” मी म्हटलं. “आहे.”

“एकटी?”

“हो. एकटीच आहे.”

त्यांनी जिभेनं च्‌ च्‌ केलं. मग खुर्चीचा दांडा धरून उठायला लागले. मी धरायला गेले तर म्हणाले, “पाणी.” मी तांब्या घेतला. तर नाही म्हणून मान हलवली आणि भिंतीच्या आधारानं न्हाणीकडं निघाले.

आमच्याकडं कुणी गेल्याची बातमी कळली की आहे त्या कपड्यांनिशी अंघोळ करतात. नात्यातलं माणूस असेल तर. हे सदरा-धोतरासकट न्हाणीतल्या दगडावर जाऊन बसले आणि मान खाली घालून थांबले.

“बंब पेटवते,” मी म्हटलं. “ऊन पाणी—”

“गार.”

मी बादलीतलं गार पाणी त्यांच्या डोक्यावर घातलं. ते शहारले, पण उठले नाहीत. मी एकेक तांब्या घालत होते. सदरा अंगाला चिकटला, पाठीचे मणके दिसायला लागले. ते ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणत होते, त्यातलं मला काही कळलं नाही. पुरे झालं तेव्हा त्यांनी डावा हात वर केला. मी थांबले. त्यांनी तोंडावरचं पाणी निपटलं, वर बघितलं, आणि बादलीकडं बोट करून मग माझ्याकडं केलं.

“बाई,” ते म्हणाले. “तुम्ही पण.”

मी तांब्या भरला आणि माझ्या डोक्यावर ओतून घेतला.